अर्ध्या डावावरून उठण्याची मुभा : जतच्या माळापासून मोबाइलच्या पडद्यापर्यंत

१/
‘कामात बुडालेल्यांसाठी पाच मिनिटांचे खेळ’ ही आजच्या मोबाइल बाजारातील हमखास खपणारी जाहिरात आहे. जणू काही मोकळा वेळ कमी पडणे ही एकविसाव्या शतकातच उद्भवलेली अडचण. मराठीत मात्र ‘घटकाभर करमणूक’ हा शब्दप्रयोग कितीतरी जुना आहे, आणि घटका हे मोघम माप नव्हे. अहोरात्राच्या साठ घटका, म्हणजे एक घटका चोवीस मिनिटांची. तळाला बारीक छिद्र असलेले घटिकापात्र पाण्यावर सोडायचे. ते भरून बुडाले की घटका संपली. कष्ट करणाऱ्याच्या वाट्याला सलग मोकळा वेळ साधारण एवढाच येतो, हे भाषेला पुरते ठाऊक होते.

२/
या धाग्यात त्या घटकेत मावणाऱ्या खेळांचा इतिहास आहे. त्याकडे पाहताना एक प्रश्न सतत हाताशी ठेवावा लागतो : मध्येच काम आले, तर डाव टाकून उठण्याची मुभा खेळणाऱ्याला होती का? खेळ लहान होता की मोठा, यापेक्षा या प्रश्नाचे उत्तर अधिक काही सांगून जाते.

३/
सुरुवात जतपासून. डफळापूरच्या चव्हाणांना, म्हणजेच डफळ्यांना, सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात आदिलशाहीकडून येथील देशमुखी मिळाली. पुढे ते सातारकर छत्रपतींचे जहागीरदार झाले. १८४८ मध्ये सातारचे राज्य खालसा झाल्यावर जत हे इंग्रजांच्या देखरेखीखालील छोटे संस्थान उरले. १९४८ मध्ये ते मुंबई प्रांतात विलीन झाले, १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्ह्यात गेले, आणि १९६० मध्ये त्याच जिल्ह्याचे नाव सांगली झाले. कागदावरचे पत्ते बदलत गेले. पाऊस मात्र होता तेवढाच राहिला. कृष्णाकाठच्या उसाळ सांगलीचे चित्र डोळ्यांसमोर ठेवून जतला जाणारा माणूस चकित होतो. हा अवर्षणाचा, माळरानाचा, मेंढरांचा मुलूख. माडग्याळ हे या तालुक्यातील गाव. बाकदार नाकाची, उंच पायांची माडग्याळी मेंढी त्याच गावाच्या नावाने ओळखली जाते.

४/
मेंढपाळाचा दिवस बाहेरून पाहणाऱ्याला रिकामा वाटतो. तसा तो नसतो. उन्हाच्या कडाक्यात मेंढरे एकमेकींच्या सावलीत माना खाली घालून उभी राहतात, तेवढाच विसावा. त्या वेळीही एक डोळा कळपावर आणि एक कान लांडग्याच्या चाहुलीवर ठेवावा लागतो. अशा माणसाला कसा खेळ हवा? साहित्य जवळ बाळगावे लागू नये. नियम लेकरालाही कळावेत. डाव घटकेत आटोपावा. आणि कळप पांगला, तर सगळे तिथेच टाकून धावता यावे. परतल्यावर डाव पुन्हा मांडायला काही लागू नये.

५/
वाघबकरी या चारही अटी पुऱ्या करते. दख्खनभर पसरलेला हा खेळ. पटाचे आकार जागोजागी वेगळे, पण दक्षिणेत रूढ असलेल्या त्रिकोणी पटावर तेवीस बिंदू, तीन वाघ आणि पंधरा बकऱ्या असा सरंजाम असतो. कोळशाने किंवा खड्याने फरशीवर रेघा ओढायच्या. वाघांसाठी मोठे खडे, बकऱ्यांसाठी लहान. बकऱ्या एकेक करून पटावर उतरतात. वाघ उडी मारून बकरी खातो. बकऱ्या मात्र कोणाला खात नाहीत, त्या फक्त वाघाची वाट अडवतात. तिन्ही वाघ जागच्या जागी कोंडले गेले की बकऱ्यांची जीत. दोन्ही पक्षांचे बळ आणि ध्येय वेगळे असलेला असा खेळ जगात फार नाही.

६/
जतच्या पूर्वेकडील कित्येक गावांत घरात कन्नड आणि बाजारात मराठी चालते. त्यामुळे या खेळालाही दोन नावे. कन्नडमध्ये तो ‘आडु-हुली’. आडु म्हणजे शेळी, हुली म्हणजे वाघ. मराठी नावात वाघ आधी येतो, कन्नड नावात शेळी. यातून दोन्ही समाजांच्या स्वभावाविषयी सिद्धान्त मांडणारे कोणी निघाले, तर त्यांना दुरूनच नमस्कार करावा.

७/
असेच पट दगडात कायमचे कोरलेलेही सापडतात. हंपीच्या मंदिरांच्या फरशांवर, नाशिकच्या पांडवलेण्यांत, नाणेघाटात. त्यांचा काळ ठरवणे अवघड असते, कारण लेणे दोन हजार वर्षांचे असले तरी त्याच्या ओट्यावरच्या रेघा दोनशे वर्षांपूर्वीच्याही असू शकतात. पण ते कोठे कोरले आहेत हे पाहण्यासारखे आहे. घाटमाथ्यावर, ओवरीत, पायऱ्यांच्या कडेला, दरवाजाच्या आत. म्हणजे जेथे माणसाला थांबावे लागते तेथे. नाणेघाट ही सातवाहनकाळापासूनची व्यापारी वाट. तेथे बैलांना दम खाऊ देणारा तांडेवाला आणि वाट राखणारा पहारेकरी, दोघांनाही वाट पाहणे चुकत नव्हते.

८/
गंमत अशी, की दगडात कोरलेला पट कोणाच्याच मालकीचा नसतो. सोंगट्या खाली पडलेल्या खड्यांच्या, त्यामुळे चोरीला जाण्यासारखे काही नाही. एकाने अर्धा टाकलेला डाव दुसरा येऊन पुढे नेऊ शकतो, किंवा खडे झटकून नवा मांडू शकतो. खेळण्याचे मोल शून्य, सोडून जाण्याचे मोलही शून्य.

९/
पुरुषांच्या या खेळांविषयी थोडेफार लिहिले गेले. बायकांच्या खेळांविषयी त्याहून कमी. वास्तविक घरातल्या बाईइतका तुटक वेळ कोणालाच मिळत नसे. चुलीवर भाकरी, पाळण्यात मूल, रांजणात पाणी नाही. तिच्यासाठी सागरगोटे होते. काटेरी वेलीच्या शेंगेतल्या राखाडी, टणक, गुळगुळीत बिया. पाच किंवा सात पुरत. एक वर उडवायची, ती खाली येण्याआधी जमिनीवरच्या टिपायच्या. एकटीला खेळता येते, दोघींना येते, चौघी जमल्या तरी येते. एका झेलाचा काळ दोन श्वासांचा. हाक आली की सागरगोटे ओच्यात. घटकेहूनही लहान वेळात मावणारा हा खेळ, आणि आजच्या एका बोटाने खेळायच्या खेळांचा तो खरा पूर्वज आहे. चल्लस आठमध्ये निदान पट आखावा लागे आणि कवड्या लागत.

१०/
आता याच्या अगदी उलट बाजू. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. जतचा परिसर त्याच राज्याच्या पट्ट्यातला. शेजारचे मंगळवेढे तर पुढे कलचुरींचे ठाणे. ग्रंथाच्या पाच भागांपैकी दोन भाग राजाच्या विनोदांना आणि क्रीडांना वाहिलेले आहेत. त्यांत बुद्धिबळ आहे, फासे आहेत, कवड्या आहेत. राजाला वेळ मारून न्यायचा असतो, म्हणून त्याचे खेळ लांब. सारीपाटाचा डाव प्रहर प्रहर चाले. सावंतवाडीची दशावतारी गंजिफा घेतली, तर तिची पानेच एकशेवीस. ती नीट पिसून वाटून होईतो मेंढपाळाचे दोन डाव झाले असते.

११/
दरबारी खेळाची दुसरी खूण म्हणजे त्यातून उठता येत नाही. महाभारताच्या सभापर्वात द्यूताची फड एकदा नव्हे, दोनदा बसते, हे अनेकांच्या लक्षात राहत नाही. पहिल्या डावात सर्वस्व हरलेल्या पांडवांना धृतराष्ट्र सारे परत देतो. ते इंद्रप्रस्थाच्या वाटेला लागतात. आणि वाटेतून त्यांना पुन्हा बोलावणे येते. आणखी एकच डाव. धर्मराज परत फिरतो. त्या दुसऱ्या बैठकीला ‘अनुद्यूत’ म्हणतात, आणि वनवास या दुसऱ्या डावाचा आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील जुगाऱ्याच्या सूक्तातही तेच दुखणे : आज जाणार नाही असे ठरवलेला माणूस फाशांचा आवाज कानी पडताच निघतो. त्याला तेथे दिलेला सल्ला शेत कसण्याचा आहे.

१२/
म्हणजे आपल्याकडे खेळांच्या दोन परंपरा शेजारी शेजारी नांदत होत्या. एक माळावरची : फुकट, तुटक, केव्हाही मोडता येणारी. दुसरी फडावरची : पणाची, लांबणारी, उठू न देणारी. पुढचा इतिहास या दोन परंपरा कशा एकमेकींत मिसळल्या याचा आहे.

१३/
मध्ये घड्याळ आले. १९२७ मध्ये बार्शी लाइट रेल्वेची अरुंद रुळांची वाट पंढरपूरकडून मिरजेला जाऊन भिडली. जतच्या नावाचे ‘जत रोड’ हे स्थानक तिच्यावर आहे. नावातला ‘रोड’ हा शब्द गाव तिथून दूर असल्याची प्रांजळ कबुली देतो. सातारा-सांगलीच्या दुष्काळी पट्ट्यातून माणसे मुंबईच्या गिरण्यांकडे गेली. तेथे वेळ उन्हाच्या कवडशावरून कळत नव्हता, भोंग्यावरून कळत होता. मोकळा वेळ म्हणजे पाळीनंतरचा आणि प्रवासातला.

१४/
त्या वेळेचा खेळ म्हणजे मेंढीकोट. बावन्न पाने, चौघे, समोरासमोरचे भिडू. दश्शीला ‘मेंढी’ म्हणायचे. चारही मेंढ्या एका बाजूने पटकावल्या की कोट. तेरा हातांत डाव संपतो. मुंबईच्या लोकलमध्ये मांडीवर बॅग आडवी ठेवून पिढ्यान्‌पिढ्या हा डाव रंगला आहे, कारण दोन-चार स्थानकांच्या अंतरात तो बसतो आणि आपले स्थानक आले की पाने शेजाऱ्याच्या हाती देऊन उतरता येते. अर्ध्या डावावरून उठण्याची मुभा शहरातही शाबूत राहिली होती.

१५/
येथून जरा लांब, जपानला जावे लागते. कारण धावपळीच्या प्रौढ माणसासाठी खिशात मावणारा व्हिडिओ गेम मुद्दाम घडवला गेला तो तेथे, आणि त्याची प्रेरणाही आगगाडीतच सापडली. निन्टेंडो कंपनीतील अभियंता गुनपेई योकोई याने शिंकान्सेनमध्ये एक कंटाळलेला नोकरदार पाहिला. तो हातातल्या गणकयंत्राची बटणे उगाच दाबत बसला होता. एवढ्या मोठ्या माणसाला चारचौघांत खेळणे हाती धरायला लाज वाटेल, तेव्हा खेळ लहान असावा, हातांत लपावा, असे योकोईच्या मनात आले.

१६/
पुढचा योगायोगही नमुनेदार. कंपनीचे अध्यक्ष यामाउची यांचा चालक एके दिवशी आजारी होता, म्हणून गाडी योकोईने चालवली, आणि वाटेत बोलता बोलता ही कल्पना सांगितली. थोड्याच दिवसांत गणकयंत्रांचे पडदे बनवणाऱ्या शार्प कंपनीची माणसे दारात हजर. एप्रिल १९८० मध्ये ‘गेम अँड वॉच’ मालिकेतला ‘बॉल’ हा पहिला खेळ बाजारात आला. एक हात चेंडू उडवतो, दुसरा झेलतो. सागरगोटे आणखी काय वेगळे असतात?

१७/
योकोईचे सूत्र असे होते, की नवे महागडे तंत्र शोधू नये; जुने होऊन स्वस्त झालेले तंत्र घ्यावे आणि त्याचा वेगळा उपयोग करावा. माळावरच्या खड्याला सोंगटी करणाऱ्या मेंढपाळाला हे समजावून सांगावे लागले नसते. या मालिकेची जगभरात सुमारे ४ कोटी ३४ लाख यंत्रे खपली. नावातले ‘वॉच’ शोभेपुरते नव्हते : त्या यंत्रात खरोखरच घड्याळ होते. खेळ थांबला की पडद्यावर वेळ दिसे.

१८/
१९८४ मध्ये मॉस्कोतील संगणक संस्थेत काम करणाऱ्या अलेक्सेई पाजित्नोव याने कामाच्या यंत्रावरच ‘टेट्रिस’ रचला. १९८९ मध्ये निन्टेंडोच्या ‘गेम बॉय’बरोबर तो जगभर पोहोचला. आपल्या जत्रांत आला तो त्याचा नक्कल केलेला, स्वस्त अवतार : ‘९९९९ खेळ एकात’ असे छापलेला ब्रिक गेम. त्या आकड्यातली बहुतेक भर वेगाच्या पायऱ्या मोजून घातलेली असे, हे घेणाऱ्यालाही कळत होते आणि विकणाऱ्यालाही.

१९/
त्याच सुमारास गावोगावच्या बाजारपेठेत नाणे टाकून खेळायची यंत्रे लागली. ‘कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स’ हा १९९३ चा खेळ महाराष्ट्रात मूळ नावाने कोणी ओळखला नाही. त्यातल्या एका पात्रावरून तो ‘मुस्तफा’ झाला. पण या यंत्रांनी एक मूलभूत फरक केला. डाव आता खेळणाऱ्याच्या सवडीने संपत नव्हता. नाणे लवकर पडावे म्हणून तो लवकर संपवला जात होता. खेळाच्या लांबीची किंमत प्रथमच दुकानदाराच्या हिशेबात गेली.

२०/
कचेऱ्यांत खेळ शिरला तो संगणकाबरोबर. १९९० च्या विंडोज ३.० मध्ये मायक्रोसॉफ्टने एकट्याने लावायचा पत्त्यांचा डाव घातला. माऊसने एखादी वस्तू धरून दुसरीकडे नेऊन सोडण्याची सवय लोकांच्या हाताला लागावी, हा त्यामागचा एक हेतू सांगितला जातो. तो बनवणाऱ्या उमेदवार कर्मचाऱ्याने त्यात साहेब आले तर पडद्यावर झटकन कामाचा देखावा आणणारी कळही ठेवली होती. कंपनीने ती काढून टाकली. तालुक्यातालुक्यांतल्या कचेऱ्यांत संगणक पोहोचले तेव्हा ही कळ असती, तर तिची छपाई सर्वांत आधी झिजली असती.

२१/
जतच्या शेतकऱ्यापर्यंत मात्र व्हिडिओ गेम पोहोचला तो फोनमधून. १९९७ मध्ये नोकिया ६११० या फोनवर तानेली आर्मान्तो याने ‘स्नेक’ बसवला. २००३ मध्ये नोकिया ११०० आला. त्याच्या डोक्यावर विजेरी होती. जगभर त्याचे २५ कोटींहून अधिक नग खपले. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात तेव्हा बारा-बारा तास भारनियमन चाले, तेथे विजेरीचा फोन ही चैन नव्हती.

२२/
शेतीपंपाच्या विजेची पद्धत ज्यांना ठाऊक नाही, त्यांच्यासाठी थोडे थांबावे लागेल. महावितरणचा थ्री फेज पुरवठा पाळीपाळीने मिळे : काही दिवस दिवसा आठ तास, काही दिवस रात्री दहा तास. रात्रपाळीच्या आठवड्यात शेतकरी मोटारीच्या खोलीपाशी बसून असे. वीज येईल, जाईल, पुन्हा येईल. आली की मोटार चालू करायची, पाणी सरीत नीट उतरते का पाहायचे, दारे मोडायचे. मध्ये मध्ये दहा-पंधरा मिनिटांची पोकळी. साप मारण्यासाठी उजेड हवा म्हणून घेतलेल्या फोनवर लोक सापच खेळवू लागले.

२३/
‘स्नेक’ हा त्या अर्थाने माळावरच्या परंपरेतला शेवटचा मोठा खेळ म्हणता येईल. पैसे लागत नव्हते, नेटवर्क लागत नव्हते, फोन खिशात टाकला तर कोणी विचारत नव्हते. जास्तीत जास्त एक उच्चांक हुकायचा. आणि फोनची बॅटरी चार-पाच दिवस टिकायची, हे आज सांगितले तर खोटे वाटते.

२४/
२००९ नंतर चित्र पालटले. त्या वर्षी फेसबुकवर आलेल्या ‘फार्मव्हिल’मध्ये पडद्यावरची शेती करायची होती. पेरले की ठरावीक तासांनी पीक तयार होई, आणि वेळेवर काढले नाही तर सुकून जाई. खेळ दोन मिनिटांचाच. पण त्या दोन मिनिटांची वेळ खेळ ठरवत होता. पाण्याच्या पाळीसाठी रात्री उठणाऱ्या जतच्या माणसाला यात करमणूक कोठे आहे, असा प्रश्न पडला असता. शहरातली कोट्यवधी माणसे मात्र गजर लावून खोटी पिके काढत होती.

२५/
२०१२ च्या ‘कँडी क्रश’ने हिशेब आणखी बारीक केला. पाच जीव मिळतात. ते संपले की दर अर्ध्या तासाला एक परत येतो. थांबायचे नसेल, तर पैसे मोजायचे किंवा मित्रांकडे मागायचे. अर्धा तास म्हणजे सव्वा घटका. घटिकापात्र पुन्हा पाण्यावर सोडले गेले होते, फक्त ते आता खेळणाऱ्याच्या अंगणात नव्हते.

२६/
२०१६ हे वर्ष महाराष्ट्रासाठी दोन कारणांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे. नवी मुंबईतील गेमशन या कंपनीने, विकाश जयस्वाल यांच्या पुढाकाराने, ‘लूडो किंग’ आणला. आणि सप्टेंबरमध्ये जिओ सुरू होऊन इंटरनेट स्वस्त झाले. लूडो म्हणजे तरी काय? पचिशीचे सोपे केलेले रूप. १८९६ मध्ये इंग्लंडमध्ये त्याचे पेटंट घेतले गेले, आणि आपलाच सारीपाट आपल्याकडे पुठ्ठ्यावर छापून परत आला. आता तो काचेवर आला.

२७/
२०२० च्या टाळेबंदीत या खेळाने जे केले त्याला उणे लेखता येणार नाही. पुण्यात अडकलेला मुलगा, गावातले आईवडील, सासरची बहीण एका पटावर बसत होती. रोज खेळणाऱ्यांची संख्या पाच कोटींच्या घरात गेल्याचे कंपनीने तेव्हा सांगितले होते. त्यात डाव लवकर आटोपणारा झटपट प्रकारही आहे. परंतु ऑनलाइन डावात प्रत्येक खेळीला सेकंदांची मुदत असते. दूध उतू चालले म्हणून उठलेल्या माणसाची पाळी निघून जाते. ओच्यात सागरगोटे टाकून उठणे आणि हे, यांत फरक आहे.

२८/
खरे नुकसान झाले ते या पटावर पैसे आल्यावर. आणि येथे कायद्याचा इतिहास पाहणे उद्बोधक आहे. १८८७ चा मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा निव्वळ कौशल्याच्या खेळाला हात लावत नाही. १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आंध्र प्रदेशातील एका क्लबच्या खटल्यात सांगितले, की रमीत पडलेली पाने लक्षात ठेवावी लागतात, डाव रचावा लागतो. तेव्हा तीन पत्तीसारखा तो केवळ नशिबाचा खेळ नव्हे. हा निर्णय टेबलाभोवती बसणाऱ्या माणसांच्या रमीसंबंधी होता. पुढे पन्नास वर्षांनी मोबाइलवरच्या पैशांच्या रमीचे समर्थक त्याच्याच आधारावर उभे राहिले.

२९/
शंभर-सव्वाशे वर्षे कायदा एकच प्रश्न विचारत राहिला : कौशल्य की नशीब? वेगाविषयी त्याने विचारलेच नाही. क्लबातल्या रमीला भिडू जमावे लागतात, पाने पिसावी लागतात, चहा येतो, कोणाला घरी जायचे असते. एका संध्याकाळी होऊन होऊन किती डाव होतील? मोबाइलवर डाव काही मिनिटांत संपतो, पुढचा त्याच क्षणी अनोळखी माणसांशी सुरू होतो, रात्रभर होऊ शकतो, आणि मोटारीच्या खोलीपाशी एकट्या बसलेल्या माणसाला ‘आता पुरे’ म्हणणारे शेजारी कोणी नसते. खेळ लहान झाल्याने नुकसान लहान झाले नाही. घटकेत मावणारा माळावरचा डाव आणि उठू न देणारा फडावरचा पण, हे दोन्ही एकाच यंत्रात एकत्र आले.

३०/
जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्राचे तत्कालीन कृषिमंत्री माणिकराव कोकाटे विधान परिषदेत बसल्या जागी मोबाइलवर रमी खेळत असल्याचा आरोप एका चित्रफितीवरून झाला. त्यांनी तो फेटाळला. पडद्यावर आलेली जाहिरात आपण बाजूला सारत होतो, असे त्यांचे म्हणणे. महिनाअखेरीस त्यांच्याकडील कृषी खाते काढून त्यांना क्रीडा खाते देण्यात आले. इतिहासात असे योगायोग कोणी रचून घालायचा म्हटला, तर संपादक ते कापून टाकील.

३१/
पुढच्याच महिन्यात संसदेने ऑनलाइन खेळांविषयीचा कायदा केला. २२ ऑगस्ट २०२५ रोजी त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. पैशांचे ऑनलाइन खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. सुमारे ४५ कोटी लोकांना या खेळांची झळ बसली आणि त्यांचे २० हजार कोटी रुपयांहून अधिक बुडाले, असा सरकारचा अंदाज त्या वेळी मांडला गेला. या कायद्याने कौशल्य आणि नशीब हा भेदच ओलांडला आहे : खेळ कोणत्याही प्रकारचा असो, पैसे लावले की बंदी. १८८७ पासून चालत आलेली रेघ पुसली गेली. पैशांविना चालणारे खेळ मात्र चालू राहिले, आणि त्यांतले जीव, मुदती, रोजची हजेरी हे कायद्याच्या कक्षेबाहेर आहे.

३२/
योकोईचे १९९७ मध्ये, ‘स्नेक’ ज्या वर्षी आला त्याच वर्षी, रस्त्यावरील अपघातात निधन झाले. त्याच्या यंत्रात खेळ आणि घड्याळ एकाच पडद्यावर होते. आजच्या मोबाइलवर एरवी वरच्या कोपऱ्यात वेळ दिसते. बहुतेक खेळ उघडले की ते पूर्ण पडदा व्यापतात आणि तो कोपरा झाकला जातो. किती वाजले हे पाहायला खेळातून बाहेर यावे लागते. जतच्या माळावर वाघबकरी मांडणाऱ्याला तेवढेही करावे लागत नसे. झाडाची सावली पटावरून सरकत असे, आणि ती तिसऱ्या वाघापलीकडे गेली की मेंढरे आपणहून उठत.